घरी पहिला ब्लॅक अँड व्हाइट रोल धुताना: तयारी, क्रम आणि नेमकं कुठे चुकतं

पहिला रोल घरी धुतला आणि तो कोरा निघाला, किंवा काळाठिक्कर, किंवा मधल्या चार-सहा फ्रेम एकमेकींना चिकटलेल्या, की पहिला संशय डेव्हलपरवर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनावर, जातो. मग दुसरा, महागडा डेव्हलपर मागवला जातो आणि पुढचा रोलही तसाच निघतो. डेव्हलपर खरं तर सोशीक असतो. पंधरा-वीस सेकंदांची चूक तो पोटात घालतो. रोल बिघडतो तो त्याच्या आधी: अंधारात रिळावर चढवताना, बाटल्यांची अदलाबदल झाल्यामुळे किंवा पाण्याचं तापमान अंदाजपंचे धरल्यामुळे. म्हणून इथे निम्म्याहून जास्त जागा टँकमध्ये रसायन पडण्याआधीच्या कामांना दिली आहे. ती कामं नीट झाली तर पुढचा अर्धा-पाऊण तास फक्त घड्याळ बघायचं असतं.

उदाहरण म्हणून रोल आणि डेव्हलपरची एकच जोडी धरू: रोल इलफर्डचा एचपी५ प्लस, ३५ मिलिमीटर, ४०० स्पीडलाच (आयएसओ ४००) काढलेला, आणि डेव्हलपर कोडॅकचा डी-७६. रोल दुसरा असेल तर वेळ बदलेल, क्रम तोच राहील.

## टप्पा १ : रोल कुठला आहे ते वाचा

डबीवर 'सी-४१' (रंगीत रोल धुण्याची वेगळी प्रक्रिया) लिहिलं असेल तर तो रोल या पद्धतीने धुवायचा नाही. रंगीत रोल त्यात आलेच, पण फसवतो तो इलफर्डचा एक्सपी२ सुपर. तो ब्लॅक अँड व्हाइट असूनही सी-४१साठी बनलेला आहे. तसंच, सिनेमाची फिल्म कापून डबीत भरून विकली जाते. तिच्या पाठीवर रेमजेटचा काळा थर असेल तर तो सुटून रसायनात आणि फिल्मवर पसरतो. पहिल्या खेपेला अशा रोलच्या वाटेला जाऊ नका.

लग्नाचे, बारशाचे फोटो असलेला रोलही पहिला नको. गल्लीतली मांजरं, गच्चीवरचे कपडे, काहीही काढा, पण गेलं तर हळहळ वाटणार नाही असं.

## टप्पा २ : सामान

लागतं ते एवढं: झाकणाचा डेव्हलपिंग टँक आणि रीळ, चेंजिंग बॅग (आत हात घालून काम करता येईल अशी, उजेड न शिरणारी पिशवी), बोथट टोकाची कात्री, डबी उघडायला सोडा बॉटलचा ओपनर, थर्मामीटर, मापाचे दोन-तीन प्लास्टिकचे ग्लास, नरसाळं, सुईशिवायची सिरिंज, हातमोजे, चिमटे आणि मोबाइलवरचं घड्याळ.

थर्मामीटर तापाचा चालत नाही. तो साधारण ३२ अंशांच्या खाली काही दाखवतच नाही आणि आपलं सगळं काम २० ते २४ अंशांत चालतं. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळणारा काचेचा, अल्कोहोलचा घ्या.

स्वयंपाकघरातलं मापाचं भांडं, चमचा, गाळणं एकदा या कामाला वापरलं की ते परत स्वयंपाकघरात जायचं नाही. डी-७६मधल्या मेटॉलने काहींच्या त्वचेवर पुरळ उठतं, म्हणून हातमोजे. ते फक्त द्रव हाताळताना घालायचे. बॅगेत फिल्म भरताना हात कोरडे आणि मोकळे हवेत.

## टप्पा ३ : रसायनं आदल्या दिवशी तयार करा

डी-७६ पावडर येते. पाकिटावर सांगितल्याप्रमाणे ५० ते ५५ अंशांच्या पाण्यात ती हळूहळू सोडायची, पूर्ण विरघळली की वरून पाणी घालून माप पूर्ण करायचं. पाणी डिस्टिल्ड घ्या. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते चालतं. बोअरवेलचं जड पाणी डेव्हलपरसाठी टाळाच.

सावधान: अर्धं पाकीट आज, अर्धं पुढच्या महिन्यात, ही काटकसर करू नका. पावडरीतले घटक सगळीकडे सारखे मिसळलेले नसतात. अर्ध्या पाकिटात कशाचा किती वाटा आला हे कळायला मार्ग नाही. संपूर्ण पाकीट एकदम.

हे झालं स्टॉक. ते गळ्यापर्यंत भरलेल्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत सहा महिने टिकतं, अर्धी रिकामी असेल तर दोनेक महिने. चहासारखा रंग आला की ते संपलं. एका मोठ्या बाटलीपेक्षा छोट्या तीन-चार बाटल्या बऱ्या.

फिक्सर, म्हणजे उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन, जुन्या स्टुडिओवाल्यांचा हायपो. तो रॅपिड प्रकारचा द्रवरूप घ्या. इलफर्डचा असेल तर १ भाग फिक्सर आणि ४ भाग पाणी. तो वाया जात नाही, परत बाटलीत भरून ठेवायचा असतो. हे मिसळताना खिडकी उघडी असू द्या, फिक्सरचा वास नाकाला झोंबतो.

डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या स्टॉप बाथसाठी वेगळं काही आणलं नाही तरी चालेल. बिनरंगाचं पांढरं व्हिनेगर १ भाग, पाणी ४ भाग.

प्रत्येक बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव, तारीख आणि एक आकडा लिहा: डेव्हलपर १, स्टॉप २, फिक्सर ३. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या वापरणार असाल तर मूळचं लेबल पूर्ण सोलून काढा. घरात लहान मूल असेल तर त्या वापरूच नका.

## टप्पा ४ : पाण्याचं तापमान

बहुतेक परदेशी तक्त्यांत वेळा २० अंशांच्या असतात. नागपुरात किंवा पुण्यात एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला पोळतं. अशा वेळी २० अंशांचा हट्ट धरून बर्फाशी झगडण्यात अर्थ नाही. सगळं काम २४ अंशांवर करा, पण *सगळं* २४ अंशांवर: डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर आणि धुण्याचं पाणीही. डेव्हलपर २४ आणि पुढचं पाणी ३३ असं झालं तर फिल्मवरचा जिलेटिनचा थर एकदम फुगतो आणि दाणा खडबडीत दिसू शकतो. २४च्या वर मात्र जाऊ नका.

वेळेचा हिशोब असा. डी-७६ स्टॉक जसंच्या तसं वापरलं तर एचपी५ प्लसला २० अंशांवर साडेसात मिनिटं लागतात. स्टॉक आणि पाणी निम्मं-निम्मं केलं तर ११ मिनिटं. इलफर्डचा साधा ठोकताळा आहे की २० अंशांवर ४ मिनिटं लागत असतील तर २३ अंशांवर ३ लागतात. त्या हिशोबाने निम्म्या-निम्म्या मिश्रणाचे ११ मिनिटं २३ अंशांवर सव्वाआठ होतात आणि २४ वर साडेसातच्या आसपास. स्टॉकचे साडेसात मात्र २४ वर पाच-सव्वापाचवर येतात. पाचाखाली गेलं की टँक भरण्या-रिकामा करण्यातले पंधरा सेकंदही जाणवतात आणि डेव्हलपिंग डागाळतं. आपल्या हवेत निम्मं-निम्मं मिश्रण सोयीचं पडतं ते यासाठी.

त्याचा दुसरा फायदा असा की तापमान जुळवायचं काम मिश्रणातच होऊन जातं. एका रोलला साधारण ३०० मिलिलिटर लागतं, म्हणजे १५० स्टॉक, १५० पाणी. स्टॉक २९ अंशांवर असेल तर डिस्टिल्ड पाणी फ्रिजमध्ये ठेवून १९वर आणा. दोन्ही एकत्र केली की २४. थेट बर्फ टाकला तर प्रमाण बिघडतं.

मोठ्या टोपात किंवा टबात माठातलं पाणी भरा आणि तिन्ही भांडी त्यात उभी करून ठेवा. जास्त गार झालं तर नळाचं घाला, जास्त गरम झालं तर बर्फाची बंद पिशवी सोडा. धुण्यासाठी दोन लिटर पाणीही याच वेळी २४वर आणून बाजूला ठेवायचं.

तपासा: तिन्ही भांड्यांत थर्मामीटर बुडवून बघा, आणि दर वेळी तो धुऊन मगच पुढच्यात. फिक्सरचे थेंब डेव्हलपरमध्ये जाता कामा नयेत.

## टप्पा ५ : बाद रोलवर सराव

फोटो स्टुडिओत जुना, मुदत संपलेला रोल मिळतो. तो घ्या आणि उजेडात रिळावर चढवा. मग डोळे मिटून. मग चेंजिंग बॅगेत. डोळे मिटून सलग दोन-तीनदा जमल्याशिवाय खऱ्या रोलला हात लावू नका. हा टप्पा गाळणाऱ्यांचेच रोल सगळ्यात जास्त वाया जातात.

प्लास्टिकच्या रिळाला तोंडाशी दोन कान असतात आणि आत बारीक गोळ्या. फिल्मचं टोक कानांखालून गोळ्यांच्या पुढे सरकवायचं, मग रिळाची एक बाजू पुढे-मागे फिरवत राहायचं. फिल्म आपोआप आत जाते. ढकलायची नाही. फिल्मचा नैसर्गिक बाक रिळाच्या वळणाच्याच दिशेने हवा.

रीळ हाडासारखं कोरडं पाहिजे. एक थेंब जरी आत राहिला तरी फिल्म तिथे चिकटते आणि पुढे सरकत नाही. पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की आदल्या रात्री धुतलेलं रीळही सकाळी दमट लागतं. हेअर ड्रायर फिरवून घ्या.

## टप्पा ६ : जिभेची चाचणी

डबीबाहेर फिल्मची जीभ लोंबत असेल तर उजेडातच ती कापा, कडेच्या दोन भोकांच्या मधून, सरळ. कोपरे किंचित गोल केले की रिळात अडकत नाहीत. कापलेल्या जिभेचे दोन तुकडे करा.

एक तुकडा डेव्हलपरच्या थोड्याशा नमुन्यात टाका. दोन-तीन मिनिटांत तो काळा पडला पाहिजे. दुसरा तुकडा फिक्सरमध्ये. तो आधी दुधी दिसतो, मग पारदर्शक होतो. त्याला किती सेकंद लागले ते लिहून ठेवा, हा आकडा पुढे लागणार आहे.

थांबा: पहिला तुकडा काळा झाला नाही, तर आज रोल धुवायचा नाही. डेव्हलपर मेला आहे किंवा बाटल्यांची अदलाबदल झाली आहे. हे आत्ता कळलं तर रोल वाचतो.

जीभ डबीत गुंडाळली गेली असेल तर डबी बॅगेत ओपनरने उघडा, टोक तिथेच कापा आणि फिल्म टँकमध्ये बंद झाल्यावर या तुकड्यांची चाचणी घ्या.

## टप्पा ७ : अंधारात फिल्म भरणे

बॅगेत काय काय टाकलं ते मोठ्याने म्हणून बघा: टँक, मधली नळी, रीळ, झाकण, कात्री, ओपनर, रोल. सगळ्यात जास्त विसरली जाते ती मधली नळी. ती दिसायला बिनकामाची, पण नरसाळ्यासारख्या झाकणातून येणारा उजेड तीच अडवते. ती नसेल तर झाकण लावूनही रोल काळा.

बॅगेऐवजी बाथरूम वापरणार असाल तर रात्री, दार लावून पाच मिनिटं आत उभे राहा. डोळे सरावले की दाराखालची फट दिसायला लागते. गीझरचा लाल दिवाही दिसतो! सिनेमातल्या डार्करूममध्ये लाल दिवा असतो म्हणून तो चालेल असं समजू नका. तो कागदावर फोटो छापतानाचा. एचपी५ प्लस लाल उजेडही पकडतो. मोबाइल आणि हातातलं घड्याळ बाहेर.

डबीचं सपाट झाकण ओपनरने उचकटा, फिल्म बाहेर काढा, टोक चाचपून रिळात सरकवा. बोटं फिल्मच्या कडांनाच लागली पाहिजेत. शेवटी आतल्या प्लास्टिकच्या दांडीला फिल्म टेपने चिकटवलेली लागेल. ती कात्रीने कापा. टेप ओढून सोलली तर कधी कधी ठिणगी उडते आणि तिचा डाग फिल्मवर उमटतो.

मे महिन्यात बॅगेत दहा मिनिटांत तळहात घामेजतात आणि फिल्म बोटांना चिकटायला लागते. म्हणून हे काम सकाळी लवकर करा. तरीही मध्येच अडलं तर जबरदस्ती नको. 'कट्' असा आवाज आला की फिल्म दुमडली. त्या जागी निगेटिव्हवर चंद्रकोरीसारखी खूण कायमची राहते. अशा वेळी फिल्म सैल गुंडाळून टँकमध्ये ठेवा, नळी घाला, झाकण लावा आणि हात बाहेर काढा. पुसा, पाणी प्या, रीळ बाहेर काढून कोरडं करा आणि मग परत सुरुवात. बंद टँकमध्ये फिल्म सुरक्षित असते, तिला घाई नसते.

रीळ नळीवर तळापर्यंत सरकवा. दोन रिळांचा टँक असेल तर दुसरं रिकामं रीळ वर बसवा, नाहीतर भरलेलं रीळ उलटं-पालटं करताना वर सरकतं आणि अर्धी फिल्म कोरडी राहते.

तपासा: झाकण फिरवून 'टक्' असं बसलं का? बसलं असेल तरच बॅगेची चेन उघडा. इथून पुढे सगळं उजेडात.

## टप्पा ८ : डेव्हलपर

टँकच्या बुडावर किती द्रव लागतो ते छापलेलं असतं. पॅटर्सनच्या टँकला ३५ मिलिमीटरच्या एका रोलसाठी २९० मिलिलिटर. आपण ३०० घेतलंय. कमी पडलं तर फिल्मच्या एका कडेला लांबच लांब फिकट पट्टा येतो.

डेव्हलपरचं तापमान शेवटचं बघा, त्यावरून वेळ ठरवा आणि कागदावर लिहा. मग घड्याळ चालू करून न थांबता ओता, वरचं टोपण लावा. पहिल्या १० सेकंदांत टँक चारदा उलटा-सुलटा करा, नंतर बूड तळहातावर दोन-तीनदा आपटा म्हणजे हवेचे बुडबुडे सुटतात. पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला पुन्हा चारदा, पुन्हा आपटायचं. मधल्या वेळात टँक टबातल्या पाण्यात उभा ठेवा. सतत हातात धरला तर अंगाच्या उष्णतेने आतलं तापमान चढतं.

ताक घुसळल्यासारखं हलवू नका. जास्त जोर लावला की भोकांतून द्रव उसळतो आणि प्रत्येक भोकाशेजारी पट्टे उमटतात. अजिबात न हलवणं तितकंच वाईट.

वेळ संपायला १० सेकंद असताना ओतायला सुरुवात करा. हे निम्मं-निम्मं मिश्रण एकदाच वापरायचं, परत बाटलीत नाही. फिल्मच्या पाठीवरचा रंग उतरल्यामुळे ते जांभळट दिसलं तर घाबरू नका.

## टप्पा ९ : स्टॉप

ओता, अर्धा मिनिट हलवा, ओतून टाका. यात चुकण्यासारखं काही नाही.

## टप्पा १० : फिक्सर

चाचणीत जीभ जितक्या सेकंदांत पारदर्शक झाली त्याच्या निदान दुप्पट वेळ. ताजा रॅपिड फिक्सर असेल तर ३ ते ५ मिनिटं पुरतात. हलवणं डेव्हलपरसारखंच. नरसाळ्याने फिक्सर ३ नंबरच्याच बाटलीत परत जाईल याकडे लक्ष ठेवा.

आता झाकण उघडून बघता येतं. फिल्म दुधी किंवा पिवळसर दिसली तर फिक्सिंग अपुरं आहे. परत फिक्सर ओता, दोन मिनिटं द्या, काही बिघडलेलं नाही. जिभेला पारदर्शक व्हायला ताज्या फिक्सरच्या दुप्पट वेळ लागू लागला की तो फिक्सर बाद.

## टप्पा ११ : धुणं

तासभर नळ सोडायची गरज नाही. इलफर्डची पद्धत टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायटीतही परवडते. टँक भरा, ५ वेळा उलटा-सुलटा करा, ओता. पुन्हा भरा, १० वेळा, ओता. पुन्हा भरा, २० वेळा, ओता. झालं. एकाच अटीवर: फिक्सर हार्डनर (फिल्मवरचा थर कडक करणारं रसायन) नसलेला हवा. पावडरचा हार्डनरवाला हायपो वापरला असेल तर वाहत्या पाण्यात २०-३० मिनिटं द्यावी लागतात.

शेवटी फिल्म रिळावरून काढा आणि डिस्टिल्ड पाण्यात वेटिंग एजंट (पाण्याचे थेंब-डाग न राहता फिल्म वाळावी म्हणून घालतात तो द्रव) घालून त्यात अर्धा-एक मिनिट बुडवा. इलफोटोल किंवा फोटो-फ्लो ३०० मिलिलिटरला दीड मिलिलिटर, सिरिंजने मोजून. 'थोडं जास्त बरं' या हिशोबाने जास्त टाकलं तर चिकट थर राहतो. रीळ त्यात बुडवू नका, साबणासारखा लेप बसून पुढच्या वेळी फिल्म अडते.

## टप्पा १२ : वाळवणं आणि निदान

बाथरूममध्ये आंघोळीनंतर वाफेने धूळ खाली बसलेली असते, तीच जागा. वर एक चिमटा, खाली वजनाला दोन. पंखा बंद, दार बंद, ऊन नाही. ओल्या फिल्मवरून बोटं किंवा स्पंज फिरवू नका. ओला थर इतका मऊ असतो की धुळीचा एक कण पूर्ण लांबीभर ओरखडा काढतो. उन्हाळ्यात तीन-चार तास, पावसाळ्यात रात्रभर. नंतर सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापा.

रोल बिघडलाच असेल तर आधी कडेला छापलेली अक्षरं आणि आकडे बघा. ते कारखान्यातच उमटवलेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याचा त्यांच्याशी संबंध नाही.

आकडे स्पष्ट, पण फ्रेम कोऱ्या: धुणं बरोबर झालं, कॅमेऱ्यात रोल पुढे सरकलाच नव्हता किंवा शटर उघडलं नाही.

आकडेही नाहीत, सगळी फिल्म काचेसारखी: डेव्हलपर मेलेला किंवा आधी फिक्सर ओतला गेला.

कडेसकट सगळं काळं: उजेड शिरला. नळी आठवा.

मध्येच दुधी किंवा वेडेवाकडे ठिगळ: तिथे रिळावर दोन वेटोळी चिकटली होती.

छोटे पारदर्शक गोल ठिपके: बुडबुडे, टँक आपटला नव्हता.

आकडे आणि फ्रेम दोन्ही फिके: डेव्हलपर थंड, जुना किंवा वेळ कमी. आकडे नीट आणि फ्रेमच फिक्या असतील तर फोटो काढताना उजेड कमी पडला.

## उरलेली रसायनं

वापरलेला डेव्हलपर भरपूर पाण्यासोबत मोरीत सोडता येतो. फिक्सरचं तसं नाही. फिल्ममधली चांदी त्यात उतरलेली असते. तो वेगळ्या कॅनमध्ये साठवा आणि जुन्या पद्धतीने एक्स-रे धुणाऱ्या केंद्रात चौकशी करा. अशा ठिकाणचा वापरलेला हायपो चांदी काढणारे घेऊन जातात. कॅनवर 'वापरलेला फिक्सर' असं लिहायला विसरू नका, नाहीतर पुढच्या रोलच्या वेळी तोच चुकून हाती येईल.